गुळावर मारलेला राजा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा टायपिंगचा क्लास होता. 'होता' म्हणताना अजून दात ओठ खावेसे वाटतात. कॉम्प्युटर आले आणि माझी यंत्रं भंगारात गेली. तेव्हापासून कॉम्प्युटर बाळगणाऱ्या माणसाला मी सहसा बरं म्हणत नाही. पण माझ्या शेजारच्याच गाळ्यात कॉम्प्युटर मांडून बसलेल्या रत्नव्वा करंबळींवर मला रागावणं कधी जमलं नाही. तुम्हालाही जमलं नसतं.

बाई गडहिंग्लजच्या पलीकडच्या, सीमेवरच्या गावातल्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. नवरा भरमाप्पा मार्केट यार्डात गुळाचा अडत्या. घर लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, सोमवार कडक. एकुलता मुलगा वीरेश इंजिनीअरिंगला हुबळीला गेला तेव्हा घरात त्याचा टीव्ही गेम तेवढा मागं राहिला. त्याच्याकडे बघत रडत बसण्यापेक्षा बाईंनी तो रिकाम्या गाळ्यात नेऊन ठेवला आणि वर पाटी लावली, 'वीरेश व्हिडिओ गेम्स'. हे चौऱ्याण्णव सालचं. पुढं अठ्ठ्याण्णवला कॉम्प्युटर आले.

त्या गाळ्याचे कायदे बाईंचे होते. चपला बाहेर, शिव्या बाहेर. उपाशी माणसानं खेळायला बसायचं नाही. "जेवलास काय रं तम्मा?" असं विचारल्याशिवाय त्या मशीन चालू करत नसत, आणि हा तम्मा, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ, कधी पस्तिशीचाही असे. सगळे त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणत. मीही म्हणू लागलो, वास्तविक माझ्या त्या फार तर थोरल्या बहिणीएवढ्या.

दुपारी गिऱ्हाईक नसे. शटर अर्धं ओढून बाई स्वतः खेळायला बसत, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा भिंतीपलीकडून तलवारीचा खणखणाट आणि त्यावर कानडीतून कुणाला तरी झापल्याचा आवाज आला म्हणून डोकावलो, तर अव्वा पदर खोचून एका भुताला कोपऱ्यात घेऊन बडवत होत्या.

त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आमच्यात त्याला 'काळा राजा' म्हणत. एक मेलेला राजा मरायला तयार नसतो, त्याच्या शापानं सगळा मुलूख अंधारात बुडालेला असतो, आणि आपण एकट्यानं तलवार घेऊन उजाड गावांतून, स्मशानांतून त्याच्या गडापर्यंत पोचायचं असतं. भुतं मारायची, वेताळ मारायचे, मार लागला की वाटेत पडलेलं खायचं, म्हणजे जीव भरतो. खाण्याची ती वस्तू म्हणजे पडद्यावर एक लालसर तपकिरी गोळा. त्या काळची चित्रं ती, चौकोनांनी चौकोन जोडलेली. जवळ गेलं की आणखी काहीच कळत नसे. खाली नाव नाही, गाव नाही.

अव्वांनी तो गोळा बघितला आणि म्हणाल्या, "गूळ हाय की ह्यो."

आता सांगा, ज्या बाईचं निम्मं आयुष्य गुळाच्या ढेपांत गेलं, तिला दुसरं काय दिसणार? आम्हालाही दिसला. सगळा गाळा त्याला गूळ म्हणायला लागला. "अव्वा, डावीकडं गूळ पडलाय, घे की." गॅरेजमध्ये काम करणारा बाळासो, जो आमच्यातला सगळ्यात तरबेज खेळाडू, तोही गूळच म्हणायचा. जीव दाखवणारी लाल रेघ वाढल्याशी त्याला मतलब. आणि अव्वांनी एका दुपारी खरोखर काळा राजा पाडला. बाळासोच्याही आधी.

भरमाप्पांनी दुसऱ्या दिवशी यार्डात गूळ वाटला. लोक मुलाच्या निकालाला पेढे वाटतात, यांनी बायकोच्या राक्षसाला गूळ वाटला. "आमच्या हिनं काळा राजा मारला," ते प्रत्येक वखारीत जाऊन सांगत होते, "आणि कशावर मारला? गुळावर. कोल्हापूरच्या." तीन वर्षं ही कथा यार्डात चालली. परगावचा व्यापारी आला की त्याला चहाबरोबर हीही मिळायची. भरमाप्पा एरवी अबोल माणूस, पण ही गोष्ट सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

दोन हजार एक साली, बंगळुरात नोकरीला असलेल्या वीरेशनं लक्झरी बसमधून आईसाठी सीडी पाठवली. 'काळा राजा'चा दुसरा भाग. गाळा भरून गेला. निवृत्त हवालदार हंबीरराव, जे खेळत कधीच नसत, फक्त मागं खुर्ची टाकून खेळणाऱ्यांना नावं ठेवत, तेही जेवण उरकून लवकर आले.

पहिल्याच तासात मतांचा पाऊस. बाळासो म्हणाला, "चित्र जगात भारी, पण राव, उडी काढून टाकली. उडीबिगर खेळ म्हंजे क्लचबिगर गाडी." अंधार इतका दाट की पडद्यावर आमचीच तोंडं दिसत. वारा वाजला की खरोखर मान आक्रसायची. पाऊस पडला की थेंब तलवारीवरून निथळायचे. मला राजाचा नवा गड आवडला, दूरवर दलदलीत उभा, बुरुजांवर पेटते टेंभे. हंबीररावांना मात्र मुळीच नाही.

"ह्या गडाला पाण्याचं टाकं कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "धान्याचं कोठार दिसंना. वेढा पडला तर आठवडा निघायचा न्हाय. हे गड बांधणाऱ्याला एकदा पन्हाळ्याला न्या."

अव्वा मात्र हळूहळू पुढं जात होत्या. एका पडक्या झोपडीत भुतानं त्यांना दोन वार हाणले आणि भुताच्या पलीकडं ती ओळखीची वस्तू दिसली. भूत मारून अव्वा जवळ गेल्या. चित्र सुधारलं होतं ना. त्या लाल गोळ्यातून एक पांढरं हाडूक बाहेर आलेलं स्वच्छ दिसत होतं. चरबीसुद्धा चकाकत होती. आणि या वेळी खाली नावही उमटलं.

"मास्तर, काय लिवलंय?" अव्वांनी विचारलं.

मी वाचलं. खोटं वाचता आलं असतं, पण सुचलं नाही. "भाजलेलं मटण," मी म्हणालो.

बाळासो जो हसायला लागला, तो खुर्चीवरून खाली आला. "अव्वा, म्हंजे पहिल्या भागातबी... आयला, तीन वरसं मटण हाणलंस की तू. आमच्या घरात बी एवढं शिजत न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. अव्वा हसल्या नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं. मग उठून घरी गेल्या आणि डोक्यावरून अंघोळ केली.

कोल्हापुरात अशी गोष्ट दडून राहते होय? संध्याकाळपर्यंत यार्डात पोचली. दुसऱ्या दिवसापासून भरमाप्पांना हाका सुरू झाल्या. "काय शेट, आजचा गूळ कुठला? मांडीचा का नळीचा?" एका वखारवाल्यानं तर ढेपेला हाडकांसारख्या दोन काड्या खोचून ठेवल्या आणि ती त्यांच्याकडं सौद्याला पाठवली. भरमाप्पा हसण्यावारी नेत होते पहिले चार दिवस. मग त्यांनी यार्डातला चहा बंद केला. घरून तांब्या भरून न्यायला लागले आणि आपल्या अडतीच्या दुकानात पाठ करून बसायला लागले. घरात ते अव्वांना एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," त्या मला म्हणाल्या. "मला खरंच कसंतरी हुतंय मास्तर. पडद्यावरचं हाय, ठाऊक हाय मला. पर हात माझाच हुता की. आणि त्येंनी ज्येच्या नावानं गूळ वाटला, त्यो गूळच न्हवता."

मी म्हणालो, "अहो अव्वा, खेळ आहे तो. कुणाचं पोट भरलं नाही, कुणाचं बुडलं नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी माझ्या क्लासात निघून आलो.

पुढल्या सोमवारी त्या त्यांच्या मठात स्वामींकडं गेल्या आणि सगळं सांगितलं. स्वामी म्हातारे होते. त्यांनी आधी कॉम्प्युटर म्हणजे काय ते समजून घेतलं, मग राजा कोण ते समजून घेतलं. हे अव्वांनीच मला सांगितलं. शेवटी स्वामी म्हणाले, "खेळात खाल्लंस, तर प्रायश्चित्तबी खेळातच घ्यायचं. हितं बेल वाहून काय उपेग?"

झालं. अव्वा परत आल्या त्या ठरवूनच. दुसरा भाग पुरा खेळायचा, राजा मारायचा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या मटणाला तोंड लावायचं नाही. दुसरं खाणं त्या खेळात नव्हतंच. म्हणजे उपाशी.

बाळासोनं तोपर्यंत राजा मारला होता. तो गंभीरपणानं म्हणाला, "अव्वा, न्हाय जमायचं. शेवटाला काय हाय ते मी बघितलंय. न खाता राजा मरत न्हाय."

"बघू की," अव्वा म्हणाल्या.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी पाहिले आहेत. त्या खेळात जागोजाग दगडी दिवे असत. दिव्यापाशी बसलं की जीव भरायचा, पण आपण उठेपर्यंत मारलेली सगळी भुतं परत उभी राहायची. खाणाऱ्यांना दिव्यांची गरज नसे. ते मटण चावत धाडधाड पुढं जात. अव्वा एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत जायच्या, वाटेत मार बसला तर परत मागं यायच्या, बसायच्या, आणि तीच भुतं पुन्हा मारायच्या. तांदूळ निवडावेत तसं चाललं होतं. कुठलं भूत कुठल्या दाराआड उभं राहतं, कुठलं आधी उजवा हात उचलतं, सगळं त्यांना पाठ झालं. भुतांना त्यांनी नावं दिली, बहुतेक माहेरच्या नातेवाइकांची. मटण दिसलं की बाजूनं वळसा. एकदा अंधारात पायाखाली आलं तर त्यांनी चालू खेळ बंद करून आदल्या दिव्यापासून पुन्हा सुरू केला, खाल्लं नव्हतं तरी. "इटाळ नको," म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

आणि तरी त्या राजाच्या दालनापर्यंत पोचल्या. तिथं बाळासो का गंभीर झाला होता ते मला कळलं.

ते दालन म्हणजे राजाची भोजनशाळा होती. मध्ये हे एवढं लांब मेज आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताटंच्या ताटं मटण. काळा राजा त्याच्याभोवती फिरत लढायचा. त्याला घाव लागले की तो मेजापाशी जाऊन वाकायचा, एक ताट खायचा, आणि जीव भरून परत अंगावर यायचा. बाळासोनं काय केलं होतं, तर राजाच्या आधी मेजावर धाड घालून सगळी ताटं आपणच फस्त केली होती. राजा राहिला उपाशी, बाळासो तुडुंब. अव्वांना हे कसं जमणार? त्या खाणार नाहीत, म्हणजे राजा खाणार.

पहिल्याच लढाईत अव्वांनी राजाला जेरीस आणलं. तो मेजाकडं गेला, वाकला, खायला लागला. त्याची सगळी पाठ उघडी पडली. असा मोका बाळासोला कधी मिळाला नव्हता, कारण त्यानं राजाला खाऊच दिलं नव्हतं.

"अव्वा, मार," बाळासो ओरडला. "पाठ दिसतीया. मार की."

अव्वांनी तलवार खाली केली आणि दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या.

"का थांबलीस?"

"जेवतोय की त्यो."

मला राहवलं नाही. "अव्वा, तो राक्षस आहे."

"असंल. पानावर बसलाय न्हवं?" त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आमच्यात जेवत्या माणसाला हाकबी मारत न्हाईत. त्याच्यावर हात उचलू व्हय?"

राजा जेवून उठला आणि त्यानं अव्वांना मारलं. असं दिवसेंदिवस चाललं. ती उघडी पाठ बघून बाळासो गाळ्याबाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटायचा. माझाही संयम सुटायचा. एवढी लढून पोचलेली बाई, आणि असल्या शिष्टाचारापायी मरत होती. बाजू घेतली ती हंबीररावांनी, आणि तेही मला अजून खरं वाटत नाही.

"वहिनींचं बरोबर हाय," ते म्हणाले. "आम्ही आरोपी धरायला जायचो, त्यो जेवत असला तर दारात थांबायचो. हात धुऊन उठला की मगच बेडी."

एका दुपारी अव्वा खेळात मेल्या आणि त्यांनी लगेच पुन्हा सुरुवात केली नाही. पडद्यावर मेज दिसत होतं. त्याच्याकडं बोट करून म्हणाल्या, "मास्तर, ही चार ताटं रिकामी हाईत."

मी पाहिलं. होती. राजानं खाल्लेली ताटंही त्या लढाईत पुन्हा भरत नव्हती.

अव्वांचा चेहरा बदलला. मठातल्या दासोहात, म्हणजे लोकांना जेवू घालण्याच्या सेवेत, बाईंनी जन्मभर पंगती वाढल्या होत्या. कोण किती खाणार आणि पातेल्यात किती उरलंय, याचा त्यांना कधी अंदाज चुकला नव्हता. इतके दिवस त्या लढत होत्या. आता त्या वाढायला उभ्या राहिल्या. "खाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "पोटभर खाऊ दे. संपंल की."

श्रावणातला सोमवार होता. बाईंनी स्वतःही सकाळपासून काही घेतलं नव्हतं. गाळा भरलेला, चपला पार माझ्या दारापर्यंत. अव्वांनी पदर खोचला आणि राजासमोर गेल्या. घाई नाही. त्याचा वार चुकवायचा, एक घाव घालायचा, मागं यायचं. राजा जखमी झाला की मेजाकडं जायचा, अव्वा तलवार खाली करून थांबायच्या. "जेव बाबा, सावकाश जेव," असंही एकदा म्हणाल्या. तो उठला की पुन्हा सुरू. ताटामागून ताट रिकामं होत गेलं. मध्यावर अव्वांना एक जबर फटका बसला आणि लाल रेघेचं नुसतं टोक उरलं. हाताशीच मेजावर मटणाचं ताट होतं, एक बटण दाबलं की झालं.  बाळासोसुद्धा 'खा' म्हणाला नाही. अव्वा ताटाला वळसा घालून पुढं गेल्या.

तेवढ्या टोकावर त्या पुढचं सगळं लढल्या. एक वार चुकला असता तरी संपलं असतं, पण त्या राजाला आता त्या त्याच्या आईपेक्षा जास्त ओळखत होत्या.

शेवटचं ताट संपलं. राजाला पुन्हा घाव बसले, तो मेजाकडं गेला, वाकला. खायला काही नव्हतं. तो तसाच वाकून राहिला.

"आता मार अव्वा," बाळासो म्हणाला. "आता जेवत न्हाय त्यो."

"पानावरनं उठू दे."

राजा उठला. वळला. अव्वांनी त्याच्या छातीत तलवार घातली, आणि काळा राजा त्या लांबलचक रिकाम्या मेजावर आडवा झाला. दालनातले दिवे एकेक करून पेटत गेले. आमच्या गाळ्यात जो गलका उठला, त्यानं रस्त्यावरची माणसं थांबली. हंबीरराव खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. बाळासो अव्वांच्या पाया पडला. मला हुंदका आला, आणि तो मी दाबलाही नाही.

मग गर्दी आपोआप बाजूला झाली. दारात भरमाप्पा उभे होते. यार्डातून कुणीतरी त्यांना बोलावून आणलं होतं. खेळ सुरू असताना ते गेल्या अडीच महिन्यांत एकदाही गाळ्यात आले नव्हते.

"मेला?" त्यांनी विचारलं.

"मेला."

"काय खाल्लंस?"

"काय न्हाय."

भरमाप्पा पुढं आले आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. चारचौघांत ते कधी असे तिच्याजवळ बसलेले मी पाहिले नव्हते. पडद्यावरच्या मेलेल्या राजाकडं, रिकाम्या ताटांकडं त्यांनी नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "उद्या यार्डात चल माझ्याबरोबर. ह्या टायमाला तूच सांग."

अव्वा गेल्या. मीही गेलो, बाळासो गेला, हंबीरराव तर पोलिसी टोपी घालून आले. अव्वांनी प्रत्येक वखारीत स्वतःच्या हातानं गुळाचा खडा दिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, मटणासकट. काड्या खोचणाऱ्या वखारवाल्यानं हात जोडून खडा घेतला. चहाला भरमाप्पा सगळ्यांच्या मध्ये बसले होते.

तिथंच कुणीतरी विचारलं, खेळ कुठला चांगला, पहिला का दुसरा? आमच्यात यावर एकमत होतं. बाळासोनं लगेच सांगितलं, पहिला. उडी होती, गंमत होती. मलाही पहिलाच आवडायचा.

अव्वांनी थोडा विचार केला.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "ह्यात आपण काय खातोय ते दिसतं."